सगळं बंद असताना बसलेला शॉक: एका जुन्या घराच्या वायरिंगचं प्रकरण

"अरे, मागचं सगळं बंद पडलंय, फ्यूज उडालाय, तरी मशीनला हात लावला तर शॉक बसला. बंद मशीनचा शॉक कसा बसेल?" काकूंचा फोन आला तेव्हा माझा पहिला प्रश्न, चप्पल होती का पायात? होती, रबरी. दुसरं वाक्य, आता त्या बाजूला कोणी जाऊ नका आणि पुढचा मेन स्विच खाली ओढा.

घर सत्तरेक वर्षांचं, दुमजली, जाड भिंतींचं. वायरिंग लाकडी केसिंग-कॅपिंगमधलं, बहुतेक मूळचंच. म्हणजे दिसणारं सगळं तीनतीनदा बदललेलं, स्विच नवे, सॉकेट नवे, बोर्डाच्या पट्ट्यासुद्धा नव्या, पण पट्टीच्या आड जी वायर पळते तिला कुणी हात लावलेला नाही. जुन्या घरांत हे इतकं कॉमन आहे की मी आता सॉकेट चकचकीत दिसलं की जास्तच संशय घेतो.

झालं होतं असं. मागच्या बाजूला धुण्याची जागा आहे, तिथे वॉशिंग मशीन गरम पाण्याच्या सायकलवर चालू होतं आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी इस्त्री लावली. पाचेक मिनिटांत मागचा भाग गेला, दिवे पंखे मशीन सगळंच. पुढच्या खोलीत उजेड होता म्हणून काकूंनी बरोबर ताडलं की लाईट गेलेली नाही, फ्यूज उडालाय. आणि फ्यूज उडालाय म्हणजे करंट नाही, असं धरून त्या मशीनमधले कपडे काढायला गेल्या. फरशी ओली. मशीनच्या पत्र्याला हात लागला आणि त्या मागे फेकल्या गेल्या.

मी पोचल्यावर मेन परत चालू करून, सगळ्यांना लांब उभं करून, मशीनच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला. फेजच्या, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेच्या, भोकात पेटला. न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेच्या, भोकातही पेटला. जुने वायरमन याला "दोन्ही भोकांत फेज येतोय" म्हणतात आणि ऐकणाऱ्याला ते भुताटकीसारखं वाटतं, पण अर्थ साधा आहे, न्यूट्रल कुठेतरी तुटलाय. फेज इस्त्रीच्या आत जातो, तारेतून फिरून पलीकडे निघतो, परत जायला वाट नाही म्हणून अख्खी न्यूट्रलची वायर तुटलेल्या जागेपर्यंत २३० व्होल्टवर बसून राहते. इस्त्री अजून प्लगमध्येच होती, स्विच चालू. मग टेस्टर अर्थच्या, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणाऱ्या तारेच्या, मोठ्या भोकात घातला. तिथेही पेटला. ते मात्र पेटायला नको होतं, कारण अर्थ आणि न्यूट्रलची गाठ घरातल्या सॉकेटमध्ये कधीच पडायला नको.

मेन बंद करून सॉकेट उघडलं. मागून वायरी आल्या होत्या दोन. तीन पिनचं सॉकेट, वायरी दोनच! आणि न्यूट्रलच्या टर्मिनलवरून अर्थच्या टर्मिनलला एक बोटभर लांबीचा काळा तुकडा नीट वळवून, स्क्रू घट्ट आवळून लावलेला. काम स्वच्छ होतं हो, आळशी माणसाचं नव्हतं.

हा तुकडा कसा आला ते काकूंशी बोलताना उलगडलं. काही वर्षांपूर्वी मशीन नवीन घेतलं तेव्हा पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. त्याचं कारण मशीनमध्ये बिघाड असं नव्हतं. अशा मशीनच्या आत एक फिल्टर असतो, त्यातले छोटे कपॅसिटर फेजपासून बॉडीला आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले असतात, अर्थ असेल तर तो चिमूटभर करंट गुपचूप जमिनीत जातो. अर्थच नसेल तर बॉडी अधांतरी राहते आणि साधारण निम्म्या व्होल्टेजवर, ११५ च्या आसपास, जाऊन बसते. करंट एक मिलीअँपिअरच्याही आत असतो, त्याने माणूस मरत नाही, नुसतं झिणझिणतं. पण ती झिणझिण म्हणजे मशीन ओरडून सांगत होतं की मला अर्थिंग नाही. तेव्हा आलेल्या वायरमनने न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकले आणि झिणझिण गेली. सगळे खूश.

आणि इथे माझीही चूक सांगून टाकतो. वर्षभरापूर्वी पंखा बसवायला मी याच घरात गेलो होतो तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, जरा सॉकेटं बघून जा. मी तीन दिव्यांचा प्लग-टेस्टर खिशातून काढला, मशीनच्या सॉकेटला लावला, सगळं बरोबर असल्याचे दिवे लागले आणि "ठीक आहे काकू" म्हणून निघालो. तो टेस्टर न्यूट्रल आणि अर्थ वेगळे ओळखूच शकत नाही, त्याला दोन्ही शून्यच दिसतात. आता मी सॉकेटवर दीडदोन किलोवॅटचा लोड लावून न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटरने व्होल्टेज बघतो. लोड चालू असताना न्यूट्रलच्या वायरीत थोडा ड्रॉप पडतोच, वीस मीटर जुन्या वायरीला दोन-अडीच व्होल्ट सहज, त्यामुळे तिथे व्होल्ट दोन व्होल्ट दिसले तर बरं, अगदी शून्य आलं तर सॉकेट उघडायचं, कारण बहुतेक तो तुकडा आतच असतो. आणि भलताच मोठा आकडा आला तरी उघडायचं, मग अर्थ लटकतोय, म्हणजे कुठे जोडलेलाच नाही.

तर तुकडा सापडला, पण न्यूट्रल तुटला कुठे? जिन्याखाली मागच्या भागाचा लाकडी बोर्ड होता, त्यावर चिनीमातीचे दोन किटकॅट फ्यूज, म्हणजे ओढून काढून आत तार बांधायचे. एक फेजला, एक न्यूट्रलला. न्यूट्रलमध्ये फ्यूज! ही फार जुनी पद्धत, दोन्ही तारांना फ्यूज म्हणजे दुप्पट सुरक्षा अशी समजूत असायची. आपल्याकडे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतल्या ३२व्या नियमाने अर्थ केलेल्या न्यूट्रलमध्ये फ्यूज किंवा सुटा स्विच घालायला मनाई केली होती, चालेल तो फक्त फेजबरोबरच तुटणारा, एकत्र जोडलेला स्विच. कारण न्यूट्रल एकटा तुटला की घर मेल्यासारखं दिसतं पण असतं जिवंत.

फेजचा किटकॅट ओढून काढला. त्यात फ्यूजवायर नव्हतीच, लवचीक वायरीतल्या पाचसहा तांब्याच्या तारा पिळून बांधलेल्या, म्हणजे तो फ्यूज नाहीच, पूल आहे. न्यूट्रलचा काढला, त्यात मात्र कधीकाळची योग्य बारीक तार, मधोमध वितळून दोन्ही टोकांना राईएवढे गोळे झालेले. दोन्ही शेजारी शेजारी धरले आणि सगळी गोष्ट तळहातावर आली. पाच अँपिअरची कथिल चढवलेली तांब्याची फ्यूजवायर ०.२ मिलीमीटर जाडीची असते आणि ती पाचला वितळत नाही बरं, साधारण दुपटीच्या जवळ जाईपर्यंत दम धरते. मशीनचा हीटर दोन किलोवॅटचा, म्हणजे ८.७ अँपिअर, त्यावर ती तार नुसती तापत असायची. इस्त्रीचे १००० वॉट आले, करंट तेरापर्यंत गेला आणि दोन फ्यूजांपैकी जो कमजोर होता तो उडाला. तो न्यूट्रलचा निघाला. जाड तार उलटी न्यूट्रलला असती आणि बारीक फेजला, तर काकूंना काहीच झालं नसतं.

इतक्या सगळ्यात फेजच्या फ्यूजने काकूंना का वाचवलं नाही असं त्यांच्या मुलाने विचारलं. तार योग्य असती तरी वाचवलं नसतं. माणसाच्या अंगातून जाणारा करंट मिलीअँपिअरमध्ये असतो, जीव घ्यायला अँपिअरचा दहावा भागही पुरतो, फ्यूजला त्याची खबरच लागत नाही. फ्यूज आणि एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) वायरीसाठी असतात. माणसासाठी लागतो तो आरसीसीबी, जो गेलेला आणि परत आलेला करंट मोजत बसतो आणि ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत तोडतो, फरक पाचपट असेल तर ४० मिलीसेकंदात.

त्या दिवशी तिथल्या तिथे तीन गोष्टी केल्या. मागच्या भागातली सगळी सॉकेटं उघडून न्यूट्रल-अर्थचे तुकडे काढले, तीन निघाले. न्यूट्रलच्या फ्यूजच्या जागी सलग तांब्याची लिंक टाकली, फेजला बरोबर तार बांधली. आणि मशीन बंद, अर्थिंग होईपर्यंत वापरायचं नाही. काकूंना हे पटायला वेळ लागला कारण त्यांच्या मते मी झिणझिण्या परत आणल्या होत्या, आणि एका अर्थी ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी मेगर घेऊन गेलो. मेगर म्हणजे ५०० व्होल्ट डीसी सोडून इन्सुलेशन किती टिकलंय ते बघायचं. त्याआधी बल्ब, मशीन, चार्जर सगळं काढून ठेवावं लागतं, नाहीतर रीडिंग खोटं येतं आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू जळतात ते वेगळंच. किमान १ मेगओहम पाहिजे. पुढच्या भागाचं आलं १.४, वरच्या मजल्याचं ०.६, मागच्या भागाचं ०.०८. म्हणजे काही न लावता नुसत्या वायरीतूनच तीनेक मिलीअँपिअर झिरपत होते.

केसिंगची पट्टी उचकटली तर आत रबराची, वरून सुती विणीची वायर, जुन्या भाषेत तीन-बावीस, म्हणजे २२ गेजच्या तीन तारा, सगळं मिळून जेमतेम १.२ स्क्वेअर एमएम. मी एक टोक हळूच वाकवलं तर रबर भाजलेल्या पापुद्र्यासारखं तुटून खाली पडलं आणि आतली उघडी तार चमकली. भिंतीत सरळ पडून आहे तोवर ती वायर ठीक दिसते, हात लागला की गेली. दिव्याच्या होल्डरपाशी तर अजून वाईट, वर्षानुवर्षं पिवळ्या बल्बची उष्णता खाऊन रबराचा कोळसा झालेला. म्हणून जुन्या घरात "नुसता एक पॉइंट वाढवून दे" हे काम मी घ्यायला कचरतो, तो एक पॉइंट वाढवताना मागच्या दहा फूट वायरीचं इन्सुलेशन झडतं आणि ते दिसत नाही.

काकूंचा प्रस्ताव होता की फ्यूज काढून एमसीबी लाव, मॉडर्न होईल, भिंती कशाला उकरायच्या. हा प्रस्ताव मला प्रत्येक जुन्या घरात ऐकायला मिळतो. एमसीबी लावायला हरकत नाही पण तो वायरीला शोभेल एवढाच लावावा लागतो, आणि त्या तीन-बावीसला या वयात ६ अँपिअरच्या वर मी देणार नाही, ६ वर मशीन चालणार नाही, मग कोणीतरी येऊन १६ चा बसवून जाईल. १६ चा एमसीबी १८ अँपिअरला तासभर हूं की चूं करत नाही. म्हणजे किटकॅटमध्ये पिळलेल्या तारा जे करत होत्या तेच, फक्त दिसायला सुंदर.

नियमांचं म्हणाल तर बहुतेक देशांत नवा कोड आला म्हणून जुनं घर आपोआप बेकायदा ठरत नाही, पण ज्या भागाला हात लावाल तो आजच्या नियमाने करावा लागतो आणि नव्या कामाने जुन्याची सुरक्षा कमी होता कामा नये. अमेरिकेत तर अर्थची वायर नसलेल्या जुन्या सर्किटवर आरसीसीबीसारखं संरक्षण देऊन तीन पिनचं सॉकेट बसवायला मुभा आहे, पण त्यावर अर्थ नाही असं लेबल चिकटवायचं. मला ते लेबल फार आवडतं. सॉकेट खोटं बोलत नाही एवढं तरी होतं. आपल्याकडे वायरिंगसाठी आयएस ७३२ आणि अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ही भारतीय मानकं बघायची, आणि काम लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्यायचं.

अर्थिंगची कथा वेगळीच निघाली. मेनपाशी एक जीआय, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी, तार होती, ती भिंतीतून मागे जाऊन नळाच्या पाइपाला गुंडाळलेली. पूर्वी असं करायचे, लोखंडी पाइप जमिनीत लांबवर गेलेला असायचा म्हणून चालूनही जायचं. मधल्या काळात प्लंबरने पाइप प्लॅस्टिकचा टाकला. जमिनीच्या वर वीतभर जुना लोखंडी तुकडा शोभेला राहिला, तार त्यालाच. म्हणजे घराचं अर्थिंग प्लंबरने काढलं आणि ते त्यालाही माहीत नव्हतं.

नवा इलेक्ट्रोड, म्हणजे अर्थसाठी जमिनीत पुरायचा धातू, टाकला, अर्थ टेस्टरने ६ ओहम आलं. काकूंच्या मुलाने इंटरनेटवर वाचून विचारलं की मग आता आरसीसीबी कशाला, फेज बॉडीला लागला तर एमसीबी पडेलच की. गणित त्याच्यासमोरच केलं. २३० भागिले ६, फार तर ३८ अँपिअर, शिवाय पुरवठ्याच्या बाजूचा ओहम वेगळा, म्हणजे त्याहून कमीच. सी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी झटक्यात पाडायची खात्री हवी तर दहापट, १६० अँपिअर लागतात. अडतीसला तो कित्येक सेकंद विचार करत बसेल आणि तोवर मशीनचा पत्रा जिवंत. आरसीसीबीला मात्र ०.०३ अँपिअर पुरतात. स्वतःच्या इलेक्ट्रोडवरच्या घरात अर्थ आणि आरसीसीबी ही जोडी आहे, एकाशिवाय दुसरा लंगडा.

रिवायरिंगचं थोडक्यात सांगतो कारण त्यात नवल काही नाही. खालचा मजला पूर्ण नवा, पीव्हीसी पाइप भिंतीवरूनच फिरवले, जुन्या भिंतीत आडवी झिरी मारायची माझी तयारी नव्हती. दिव्यांना १.५ स्क्वेअर एमएम, सॉकेटना २.५, गिझर आणि मशीनला स्वतंत्र ४, सगळीकडे हिरवी अर्थ वायर. दिवे-पंख्याच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नाहीत आणि ८०० वॉटच्या वर नाही. आरसीसीबी दोन, खाली एक आणि वर एक, म्हणजे एक पडला तर अख्खं घर अंधारात जाणार नाही.

आणि मग सगळं चालू केल्यावर मशीनच्या शेजारच्या सॉकेटला इस्त्री लावली की खालचा आरसीसीबी धाडकन पडायचा. इस्त्री चांगली, वायर नवी. अर्धा दिवस गेला. शेवटी कळलं की ते एक सॉकेट माझ्या माणसाने जुनंच परत बसवलं होतं, आणि त्याच्या मागे चौथा काळा तुकडा! मी तीन मोजले होते, हा कपाटामागे राहिला होता. आधी खरा अर्थच नव्हता म्हणून तो गप्प होता, आता अर्थची वायर जोडल्यावर न्यूट्रलचा थोडासा करंट अर्थने जायला लागला आणि आरसीसीबीने त्याला पकडलं. लोकांना वाटतं आरसीसीबी उगाच पडतो, आणि कोणीतरी तो काढून टाकतं. शंभरातल्या किती वेळा तो उगाच पडतो मला माहीत नाही, माझ्या हातून तरी बहुतेक वेळा काहीतरी निघालंच आहे.

दुसरी गंमत जिन्याची. जिन्याचा दिवा लावला की दोन्ही आरसीसीबी एकदम. नऊ वॉटचा एलईडी बल्ब, त्याने काय होणार? टू-वे स्विचच्या (वरून-खालून दोन्हीकडून दिवा लावायच्या) जुन्या जोडणीत वायर वाचवायला कुणीतरी फेज वरच्या मजल्यावरून घेतला होता आणि न्यूट्रल खालचा उसना. वरून गेलेला करंट वर परत येत नाही, खाली न गेलेला करंट खाली परत येतो. नऊ वॉट म्हणजे ४० मिलीअँपिअर, एलईडीचा पॉवर फॅक्टर धरला तर अजून जास्त, दोघांनाही पडायला पुरे. सत्तर वर्षं तो उसना न्यूट्रल चालून गेला कारण फ्यूजला असलं काही कळत नाही. वरूनच न्यूट्रल ओढला आणि प्रश्न मिटला.

शेवटची मोजमापं काकूंच्या वहीत लिहून दिली. खालचा मजला २०० मेगओहमच्या वर, अर्थ ६ ओहम, दोन्ही आरसीसीबी मीटरवर २२ आणि २४ मिलीअँपिअरला पडले, १५ ला नाही पडले, म्हणजे पाहिजे तसे. मशीनच्या झिणझिण्या गेल्या, या वेळी खऱ्या अर्थाने, शब्दाचा खेळ माफ करा. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं असं सांगितलंय, काकू दाबतात, आणि दर वेळी राऊटर बंद पडला म्हणून घरातले ओरडतात.

वरच्या दोन खोल्या मात्र अजून जुन्याच आहेत, पैशाचा मेळ बसला नाही. तिथली सॉकेटं काढून कोऱ्या प्लेट लावल्या, दिवा आणि पंखा एवढंच ठेवलं, ६ अँपिअरचा वेगळा एमसीबी आणि वरचा आरसीसीबी. ०.६ हा आकडा वहीत लाल पेनाने लिहिलाय, दर सहा महिन्यांनी मोजायचा, ०.५ च्या खाली गेला की त्या खोल्यांची लाईट तोडून तेही काम काढायचं असं काकूंनी कबूल केलंय. मागच्या खेपेला ०.५५ होता.